उकिरड्यावरची पानवेल

शेणाची पाटी उकिरड्यावर उलटी करायला मी वाकले आणि वाकलेलीच राहिले. उकिरड्याच्या उताराला, राख आणि पाचट पडलं होतं तिथून, खाऊच्या पानाची वेल वर आली होती. चांगली हातभर होती. शेंड्याला तांबूस कोवळं पान, आणि खालची पानं तेलाचा हात फिरवल्यासारखी. शेजारच्या एरंडाला तिनं आपणहून धरलं होतं. कुणी बांधलं नव्हतं, कुणी पाणी घातलं नव्हतं.

मागं अंगणाच्या कडेला माझी चार वर्षांची पद्मी उभी होती. आई काय बघते आहे ते तिला बघायचं होतं, पण ती पुढं येईना. तिला माझ्याजवळ यायची बंदी होती. मी त्या दिवसांत बाहेर बसले होते.

महिन्याचे ते दिवस आले की आमच्या सासरच्या घरी बाईनं परड्यातल्या छपरीत जाऊन बसायचं. ताट वेगळं, घोंगडी वेगळी, घरातल्या कुणाला शिवायचं नाही. बसून खायची चैन मात्र नव्हती. देवाचं, चुलीचं, मळ्याचं काम चालत नाही म्हटल्यावर गोठ्याचं शेण आणि उकिरडा तेवढा आमच्या वाट्याला येई. विटाळशी बाई आणि उकिरडा दोघंही घराच्या मागच्या अंगाला, एकमेकांना सोबत.

आणि मळा म्हणजे काय, तर पानमळा. मिरजेच्या पूर्वेला आमचं गाव, त्या बाजूला पानमळ्याला देवळाचा मान. शेवरी-शेवग्याच्या उंच झाडांवर वेली चढवलेल्या असत. आत शिरलं की भर दुपारीही संध्याकाळ झाल्यासारखं वाटे. चपला फाटकाबाहेर काढायच्या. पारोशानं आत जायचं नाही. आणि बाहेर बसलेल्या बाईची सावलीसुद्धा वेलीवर पडता कामा नये. माझं माहेर भाजीपाल्याचं. तिथं वांग्याला कोण शिवलं आणि कोण नाही याची कुणी चौकशी करत नसे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, आधी मला मळ्याचे नियम सांगितले आणि मग चूल दाखवली. सासरे नव्हते. घर त्यांच्याच शब्दावर चाले.

त्या वर्षी आषाढात मी मळ्यात वेली बांधत होते. भिजवलेल्या लव्हाळ्यानं वेल झाडाला हलक्या हातानं बांधायची असते. बांधता बांधता मला कळलं की पाळी आली आहे, नेहमीच्या आधीच. हातातलं लव्हाळं तिथंच टाकलं, मागच्या पावली फाटकाबाहेर आले आणि घरी जाऊन आत्याबाईंना खरं ते सांगितलं. न सांगते तर कुणाला कळणार होतं? पण झालं ते सांगून मोकळं व्हावं, अशी माझ्या माहेरची शिकवण. त्याचा मला आजही पस्तावा होत नाही. राग मात्र येतो.

आत्याबाईंनी मळ्यात गोमूत्र शिंपडलं, फाटकाशी नारळ फोडला आणि मला छपरीत धाडलं. पुढं पंधरवडा गेला असेल नसेल, वेली पिवळ्या पडायला लागल्या. आधी पान मान टाकी, मग देठ मऊ पडे, मग अख्खी वेल उभ्या उभ्या वाळून झाडाला चिकटून राही. सुरुवात झाली ती मी बांधत होते त्याच वाफ्यात. मळ्याच्या अगदी सखल कोपऱ्यातला वाफा तो.

माझ्या नवऱ्याचं नाव आदगोंडा. आता घेते मी नाव, तेव्हा घेत नव्हते. माणूस वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही, दारूला शिवला नाही, पद्मीला खांद्यावर घेऊन बाजार फिरवायचा. त्याच उन्हाळ्यात त्यानं विहिरीवर विजेची मोटर बसवली होती. आमच्या भागातली पहिलीच. मोट होती तेव्हा बैल दमले की पाणी थांबायचं. मोटर काही दमत नव्हती. वीज कधी येई कधी जाई, म्हणून तो बटण चालूच ठेवी. आली की पाणी आपोआप मळ्यात. पाव्हणेरावळे आले की चहाच्या आधी त्यांना विहिरीवर नेऊन बटण दाबून दाखवी. त्याचं कौतुक मलाही होतं. माझ्या नवऱ्यानं काहीतरी केलं होतं जे गावात कुणी केलं नव्हतं.

मेलेली वेल मळ्यात ठेवायची नाही आणि जाळायचीही नाही, अशी घरची रीत. गडी वेली उपटून भारे बांधत आणि परड्यात आणून टाकत. ते उकिरड्यात कोंबायचं, वर राख आणि शेण टाकायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या भाऱ्याला हात लावायच्या आधी मी विचारलं होतं, मी बाहेर बसलेली, वेलीला शिवू का म्हणून.

"मेलेल्याला कसला आलाय विटाळ?" आत्याबाई म्हणाल्या. "टाक."

भाद्रपद सरेपर्यंत निम्मा मळा गेला. मला तोंडावर कुणी काही म्हणत नव्हतं. पण ताट सरकवताना आत्याबाई ते जरा लांबून सरकवायला लागल्या, चांगल्या दिवसांतसुद्धा. पद्मीला त्या आपल्याजवळ निजवायला लागल्या. पाणवठ्यावर बायका माझी घागर भरेपर्यंत बाजूला उभ्या राहत. दसऱ्याला आमचे चुलत सासरे नेमूतात्या घरी आले. त्यांचा मळा आमच्या मळ्याला लागून, आणि पानांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचं आणि आत्याबाईंचं सोप्यात बसून बरंच बोलणं झालं. काय बोलणं झालं ते मला शेजारच्या चंपाबाईनं कुंपणावरून सांगितलं. दिवाळीपर्यंत मळा धरला नाही तर मला माहेरी पाठवायचं ठरत होतं. मी पोरीचं विचारलं. चंपाबाईनं माझ्याकडे बघायचं टाळलं आणि म्हणाली, पोर घरची, ती कशी पाठवतील?

त्यानंतर मला अन्न गोड लागेना. मळ्यातून भारा आला की मी आधी मोजदाद करी, कालच्यापेक्षा कमी की जास्त. वेली मरायच्या थांबाव्यात म्हणून मी जेवढे देव आळवले तेवढे पोरीच्या जन्माच्या वेळीही आळवले नव्हते.

म्हणून उकिरड्यावरची ती वेल बघून माझ्या अंगावर काटा आला तो भीतीचा नव्हता. वेल आमच्याच मळ्यातली होती. मेली म्हणून उपटलेली, माझ्याच हातांनी, त्याच दिवसांत, शेणात कोंबलेली. मी बाहेर बसले की माझी सावली दिवसभर तिच्यावर पडत होती. माझे पाय धुतलेलं पाणी तिच्या अंगावरून जात होतं. आणि ती जगली होती. नुसती जगली नव्हती, चांगली माजली होती. माझ्या शिवण्यानं वेल मरत असती तर सगळ्यांत आधी हीच मरायला हवी होती. याहून वेगळा पुरावा काय पाहिजे? पुरावा डोळ्यांसमोर ठेवला की माणसं पटवून घेतात, अशी त्या वयात माझी समजूत होती.

मी घाई केली नाही. चार दिवस झाले, डोक्यावरून पाणी घेतलं, घरात आले, तरी कुणाला सांगितलं नाही. वेल आणखी वाढू दिली. सकाळी राख टाकायच्या निमित्तानं जायचं आणि बघून यायचं. एरंडाच्या पहिल्या फांदीपाशी ती पोचली तेव्हा मी नवऱ्याला जेवण झाल्यावर परड्यात बोलावलं.

तो आला, वेल बघितली, आणि खाली बसला. वेलीला हात लावला नाही. तिच्या बुडाशी बोटानं उकरलं, चिमूटभर माती घेतली, चुरगाळली, नाकाशी नेली. मी वाट बघत होते की आता हा हसेल.

"कुणाला सांगितलंस?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, अजून कुणाला नाही.

"नको सांगू. मी बघतो काय ते."

मला केवढा धीर आला. तो बघतो म्हणाला म्हणजे आईशी तोच बोलेल, तात्यांना तोच समजावेल, असं धरून मी गप्प बसले. दिवाळी आली आणि गेली. तो काही बोलला नाही. मी एकदा आठवण केली तर म्हणाला, बघतो म्हटलं ना. भारे येतच होते.

दिवाळीनंतर एका सकाळी नेमूतात्या पुन्हा आले. या वेळी त्यांनी सोप्यात बसून मला समोर बोलावलं. सून म्हणून माझा काही अपमान केला नाही. चांगल्या शब्दांत सांगितलं, की बाई, तुझ्यावर कुणाचा राग नाही, पण मळा म्हणजे घराचं पोट. थोडे दिवस माहेरी जाऊन राहा, मळा धरू दे, मग बघू. आत्याबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. नवरा उंबऱ्याशी बसून काडीनं जमीन उकरत होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान वर केली नाही.

मग मीच बोलले. थोरांसमोर तोंड उघडायची माझी पहिलीच वेळ होती.

"तात्या, जाते मी. पण आधी परड्यात येऊन एक बघा."

सगळे आले. पद्मी आजीचं बोट धरून आली. एव्हाना वेल एरंडाच्या डोक्याशी पोचली होती, आणि तिची पानं तळहाताएवढी झाली होती. त्या वर्षी आमच्या मळ्यात तसलं पान कुणी बघितलं नव्हतं. तात्यांच्या तोंडून आपसूक "आरं तिच्या" असं निघालं.

मी सगळं सांगितलं. वेल कुठली, कुणी टाकली, कोणत्या दिवसांत टाकली. आणखी काय पुरावा पाहिजे, असंही म्हटलं. मी कुठं अडखळले नाही. तात्यांनी एक पान खुडलं, धोतराला पुसलं, कडेचा तुकडा तोंडात टाकून चावला.

"जात आपलीच हाय," ते म्हणाले. "तिखटबी हाय." मग त्यांनीही खाली बसून माती उकरली. ती भुसभुशीत होती, बोट सहज आत गेलं. मातीचं बोट तसंच धरून त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं.

"आदू, मळ्यात पाणी किती देतोस रे?"

गोठ्यात म्हैस रवंथ करत होती, तेवढाच आवाज. मला वाटलं, आता. आता हा बोलेल.

"तात्या, हितं उतार हाय," मीच म्हटलं. "पाणी थांबत न्हाई. मळ्यात त्या कोपऱ्यात सदा पाय रुततो."

"पाणी बरोबर हाय," आदगोंडा म्हणाला. माझ्याकडे नाही, मातीकडे बघत. "मी सोता बघून देतो. पाण्याचं काय न्हाई ह्यात."

तात्यांनी बोट झटकलं आणि ते उठले. पोरगा शिकलेला, मोटरवाला. त्यानं सांगितल्यावर आणखी कोण काय विचारणार?

"मग मळ्यात मेली ती हितं का जगली?" आत्याबाई बोलल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. त्यांना खरंच भीती वाटत होती, हे आज मला कळतं. त्यांनी पद्मीला मागं ओढून आपल्या पदराआड घेतलं. "हिनंच जगवली. मळ्याचा जीव ओढून हिनं आपल्या पायाशी आणला. समदा मळा वाळतोय आनि हिच्या उकिरड्याला पालवी फुटतीया. तात्या, आणखी काय पुरावा पायजे?"

पुरावा हा माझा शब्द होता. तो त्यांनी उचलला आणि मलाच लावला. मला वाचवायला जे उगवलं होतं त्यानंच मला बुडवलं होतं. माझ्या हातून वेल मेली असती तरी मी दोषी, आणि जगली तरी मीच दोषी.

तात्यांनी मान हलवली. मळ्यातली लक्ष्मी उकिरड्यावर येणं घराला बरं नाही, वेल आजच्या आज काढा, एवढं ते म्हणाले आणि पायात चपला सरकवून निघून गेले.

वेल आदगोंडानंच उपटली. एरंडावरून ओढून काढली आणि बुडाला हात घालून मुळासकट वर घेतली. मुळं लांबसडक आणि पांढरीशुभ्र होती. मळ्यातून येणाऱ्या वेलींची मुळं मी रोज बघत होते. काळी, लिबलिबीत, कुजका वास मारणारी. त्यानं ती पांढरी मुळं बोटांत धरली, जरा वेळ बघितली, आणि वेल कुंपणापलीकडे फेकून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझी पिशवी उचलली. एसटीच्या थांब्यापर्यंत तो सोबत येणार होता. पद्मी ओट्यावर आजीचं लुगडं धरून उभी होती. मी तिला घ्यायला हात पुढं केले तर ती मागं सरकली.

"तू बाहेरची हाईस का गं, आई?"

"न्हाई गं बाळ. आता न्हाई."

तिनं वर आजीकडे बघितलं. आजी काही बोलली नाही, आणि पोर काही पुढं आली नाही. मी ओढून घेतलं असतं तर ती रडली असती. तिला रडवून जायला माझं मन झालं नाही, म्हणून तशीच निघाले. वाटेत कुंपणापाशी वाळायला लागलेली वेल पडली होती. मी तिचं एक कांडं मोडलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकलं. आदगोंडानं ते बघितलं आणि तोंड फिरवलं. एसटी आली तेव्हा म्हणाला, मळा धरला की न्यायला येतो.

माहेरी भाऊ होता, बाळगोंडा. तो मला कधी टाकून बोलला नाही, त्याची बायकोही नाही. भाऊ दोनदा त्यांच्या दारात जाऊन आला. पहिल्यांदा त्याला पाणी तरी विचारलं, दुसऱ्यांदा तेही नाही. पद्मी त्याच्यासमोर आलीच नाही. पुढच्या उन्हाळ्यात बातमी आली की मळा सुधारला. नव्या वेली धरल्या, जुन्यांनाही फूट आली. त्यानंतरच्या वर्षी आदगोंडानं दुसरी बायको केली. बाई गेली आणि मळा तरारला, हे आमच्या पंचक्रोशीत सगळ्यांच्या तोंडी झालं. माझ्या भावाच्या गावातही मला बघून बायका आपापसांत कुजबुजत.

आणि आता मनातलं सांगायचं तर, मलाही ते खरं वाटायला लागलं. मी गेले आणि मळा सुधारला, हे तर नाकारता येत नव्हतं. आणलेलं कांडं मी परसात, भावाच्या उकिरड्याच्या कडेला शेवग्याच्या बुंध्याशी लावलं होतं. ते तिथंही माजलं. शेवगा दिसेनासा होईल इतकी पानं. काही दिवस मी त्याच्याकडे बघून म्हणे, बघा, मी खरी होते. काही दिवस त्याच्याकडे बघवत नसे. वाटे, आत्याबाई खरं बोलल्या असतील तर? असेलही माझ्या अंगात काही, जे घराचा जीव ओढतं आणि उकिरड्याला देतं. पोरीजवळ मी राहिले असते तर तिचंही असंच काही झालं असतं. असा विचार करून मी मनाची समजूत घालत असे, म्हणजे बघा माझी काय गत झाली होती. गावातल्या बालवाडीत मी पोरं सांभाळायला जात असे. दुसऱ्यांची पोरं कडेवर घेताना कधी कधी हात आखडत.

पद्मी मला भेटली ती तिचं लग्न होऊन वर्ष-दोन वर्षं झाल्यावर. आमच्या गावात एक लग्न होतं, नवरदेवाकडच्या वऱ्हाडात ती होती. तीही पानमळेवाल्यांच्याच घरात पडली होती. दुपारी मी परसात शेंगा निवडत बसले होते, तर मागच्या वाटेनं एक तरुण बाई येऊन उभी राहिली. लांबच उभी राहिली. कपाळ माझं होतं, उभं राहणं तिच्या बापाचं.

मी उठले तशी तिनं हात पुढं केला, थांबा म्हणून.

"शिवू नका. मी बाहेर बसलीया काल धरनं," ती म्हणाली. "अक्षता टाकायच्या न्हाईत, पंगतीला बसायचं न्हाई. म्हटलं, नुसतं बसून काय करायचं. तुमचं घर हितंच हाय म्हणून चंपाकाकू बोलली होती."

तुम्ही म्हणाली ती मला. लग्नघरातून तिला बाजूला बसवलं नसतं तर ती आली नसती, हे तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं की मला धड वाईटही वाटून घेता येईना. मी तिला बसायला पोतं टाकलं. ती त्याच्या कडेला टेकली. मी चहा करते म्हटलं, ती नको म्हणाली, तुमचा कप बाटायचा. मग मी तिचं घर विचारलं, नवरा कसा आहे विचारलं, आणि आत्याबाईंचंही विचारलं. त्या वारल्या होत्या, आदल्या वर्षी. शेवटपर्यंत पद्मीला त्यांनी फुलासारखं जपलं, असं ती म्हणाली, आणि मला ते ऐकून बरं वाटलं.

बोलता बोलता ती बापाविषयी म्हणाली, "अप्पांचा मळा आता लई चांगला हाय. तुम्ही गेल्यावर सुधारला तो सुधारलाच."

मी मान हलवली. हे मी खूपदा ऐकलं होतं.

"मला आठवतंय त्ये," ती म्हणाली. "मी काठावर बसून बघत व्हते. तुम्ही गेला त्याच आठवड्यात अप्पांनी गडी लावून मळ्यात चर काढले. ह्ये एवढे खोल. त्या खालच्या कोपऱ्यातनं समदं पाणी वड्याला काढून दिलं. काळं पाणी, घाण वास येत व्हता. आनि मोटर बंद ठिवली पार पाडव्यापतोर."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"चर का काढताय, असं कुणी विचारलं न्हाई?"

"आजीनं इचारलं की. तर म्हनाले, विटाळाचं पाणी भाईर काढतो."

तिनं हे नेहमीचं काही सांगावं तसं सांगितलं. तिला त्यात काही वेगळं दिसत नव्हतं. तिच्या बापानं चिमूटभर माती नाकाशी नेली तेव्हाच त्याला कळलं होतं. नको सांगू म्हणाला तेव्हा कळलेलं होतं. तात्यांनी विचारलं तेव्हाही कळलेलं होतं. मी जे त्याच्या आईसमोर बोलले, तेच त्यानं मी गेल्यावर केलं, आणि त्याला नाव माझ्या विटाळाचं दिलं. मोटर चुकली असं म्हणण्यापेक्षा बायको चुकली म्हणणं त्याला सोपं गेलं. आणि मी इतकी वर्षं स्वतःच्या अंगाला भीत होते.

मी उठून शेवग्यापाशी गेले. वेलीची पानं उन्हात चकाकत होती.

"पद्मे, ही वेल तुझ्या घरची. त्या उकिरड्यावरची," मी म्हटलं. "बाहेर बसले होते तेव्हा मी शेणात कोंबलेली. तू बघितलीस ती. ये, एक पान खुड."

ती उठली. दोन पावलं पुढं आलीसुद्धा. ऊन कललं होतं, तिची सावली तिच्यापुढं सरकत वेलीच्या बुडाशी पोचत होती. तिनं ती बघितली आणि झटकन बाजूला झाली, सावली भिंतीवर पडेल अशी.

"नको," ती म्हणाली. "चांगली वाढलीया तुमची वेल. माझ्यापायी वाळायची."

मग मला राहवलं नाही. मी गेले आणि तिचा हात धरला. मनगटाशी, घट्ट. ती दचकली, पण तिनं हात लगेच सोडवून घेतला नाही. तिच्या काकणांखालची शीर माझ्या बोटांना उडताना लागत होती. लहानपणी ताप आला की मी तिथंच हात ठेवून बघत असे.

"आता तुम्हाला आंघोळ करावी लागंल," पद्मी हळू आवाजात म्हणाली, आणि हात सोडवून मागच्या वाटेनं लग्नघराकडे गेली.

संध्याकाळी वहिनीनं माझ्यासाठी पाणी तापवून ठेवलं होतं. मी आंघोळ केली नाही.